मुलगा म्हणतो, टर्बोला नवा पाइप बसवायचाय!

बडोद्याहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला. घरातली गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, दोन वर्षांची, अजून वॉरंटीत. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघून एक ‘इनटेक किट’ निवडून ठेवलंय. त्यात ॲल्युमिनियमचा चकचकीत पाइप, लाल सिलिकॉनचे जोड आणि टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. जाहिरातीत लिहिलंय, पंधरा बीएचपी जास्त मिळतील. वडिलांचं म्हणणं, चालू गाडीला हात लावायचा नाही. ताई विचारतात, “दोघांपैकी बरोबर कोण?”

ताई, वॉरंटी संपेपर्यंत वडील बरोबर. त्यानंतर मुलगा बरोबर ठरू शकतो, पण पाइप कसा जोडतो त्यावर. पंधरा बीएचपीचं म्हणाल, तर तो आकडा मात्र दोघांनीही विसरून जावा. का, ते सांगण्याआधी हा पाइप असतो कुठे आणि करतो काय, ते बघू.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन छोटी चक्रं. एक चक्र सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या वाटेत असतं. धूर ते फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनासारखं ओढतं. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन दाखवलं की विरळ हवेतही टर्बोमुळे इंजिनाची ताकद टिकते. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. तिथल्या चढावर टर्बो गाडी साध्या गाडीइतकी दमत नाही, त्याचं कारण हेच.

आता पाइप. हवा आधी फिल्टरच्या डब्यात येते. तिथून एका पाइपाने टर्बोच्या तोंडाशी जाते. टर्बोतून दाबलेली हवा दुसऱ्या पाइपाने इंटरकूलरकडे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाते आणि तिथून तिसऱ्या पाइपाने इंजिनात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या एक लिटर टीएसआय इंजिनात इंटरकूलर पाण्याचा असून तो इंजिनाच्या हवेच्या खोक्यातच बसवलाय, म्हणून तिथे दाबाचे पाइप अगदी आखूड. बाकी बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर पुढे बंपरमागे असतो आणि दोन लांब पाइप बॉनेटखालून फिरून येतात.

एवढं लक्षात ठेवा: टर्बोच्या आधीचा पाइप ओढीचा, नंतरचे दोन दाबाचे. दोन्हीकडे पाइपच असले तरी त्यांची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. बाजारातली किटं विकताना हा फरक क्वचितच सांगितला जातो, तिथे फक्त रंग निवडायला सांगतात.

ओढीची बाजू

लस्सीचा घट्ट घोट कागदी स्ट्रॉने ओढून बघा. स्ट्रॉ मधेच चपटी होते. टर्बोच्या आधीच्या पाइपाचंही तसंच. टर्बो जोरात ओढतो, फिल्टर धुळीने भरलेला असला की ओढ आणखी वाढते, आणि पाइप मऊ असेल तर तो आत बसतो. वर त्याला इंजिनाची धग लागत असते. म्हणून ओढीच्या बाजूला साधा मऊ सिलिकॉनचा वळणदार होस चालत नाही. आत तारेचं वेटोळं घातलेला होस किंवा कडक पाइपच हवा. किट हातात आलं की वळणावर अंगठ्याने दाबून बघा. सहज दबला तर परत करा.

त्याहून महत्त्वाची आहे धूळ. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरहून जास्त हवा लागते. चाळीस लिटरची टाकी संपेपर्यंत पावणेचार लाख लिटर हवा त्या फिल्टरमधून जाते. आपल्याकडच्या रस्त्यांवर, खोदकामं, वाळूचे ट्रक, शेतातली राख, हे सगळं त्या हवेत असतं. कंपनीचा कागदी फिल्टर दिसायला गरीब, पण धूळ अडवण्यात वाकबगार. उघडा शंकू फिल्टर हवा मोकळी सोडतो, आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर बारीक धूळही. शिवाय फिल्टर कितीही चांगला असला, तरी फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या जोडाला केसाएवढी फट राहिली तर तिथून हवा न गाळताच आत ओढली जाते. या बाजूची गळती बाहेरून दिसत नाही. हवा बाहेर येत नाही, आत जाते, त्यामुळे आवाजही येत नाही. काही हजार किलोमीटरनंतर टर्बोच्या चक्राच्या पात्यांची धार बोथट झालेली असते आणि पिस्टनच्या रिंगांवर वाळूने घासल्यासारख्या रेघा उमटलेल्या असतात. छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. त्या वेगाला वाळूचा कण हा कण राहत नाही.

किटातला दुसरा फसवा भाग म्हणजे पाइपाची जाडी. ‘मोठा पाइप, जास्त हवा’ हे ऐकायला पटतं. पण काही गाड्यांत, विशेषतः बहुतेक डिझेल गाड्यांत, फिल्टरच्या डब्याच्या पुढेच हवा मोजणारा सेन्सर असतो. तो पाइपाच्या मधोमध जाणाऱ्या हवेवरून सगळ्या हवेचा अंदाज बांधतो आणि पाइप किती रुंद आहे हे त्याने गृहीत धरलेलं असतं. सत्तर मिलिमीटरच्या जागी शहात्तरचा पाइप घातला की आतलं तोंड जवळपास अठरा टक्के मोठं होतं. तीच हवा आता हळू वाहते, सेन्सरला वाटतं हवा कमी आहे, इंजिनाचा संगणक इंधन कमी टाकायला लागतो. मग तो धुराकडचा सेन्सर बघून चूक दुरुस्त करत बसतो. दुरुस्तीचीही हद्द असते. ती संपली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा. ज्या गाड्यांत फक्त इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजतात, तिथे ही भानगड होत नाही. आपली गाडी कोणत्या जातीची, ते किट घेण्याआधी विचारून घ्या. तेलात भिजवलेले कापडी फिल्टर येतात, त्यांचं तेल जास्त झालं तर तेही या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

ओढीच्या पाइपाला दोन-तीन बारीक फाटेही असतात, तेही मोजून घ्या. एका फाट्यातून इंजिनाच्या पोटातली वाफ आणि तेलाचा धूर परत आत जातो. काही गाड्यांत दुसऱ्या फाट्यातून, ॲक्सिलरेटर सोडल्यावर अडकलेली दाबाची हवा परत येते. स्वस्त किटांत एखादा फाटा नसतो आणि विकणारा म्हणतो, ‘त्याला बूच मारा, काही होत नाही.’ होतं. इंजिनाच्या पोटातला दाब वाट शोधतो आणि ऑइल सील फोडून बाहेर येतो. तेलाची ती वाफ साध्या सिलिकॉनला हळूहळू फुगवते आणि पाझरायला लावते, म्हणून चांगल्या होसमध्ये आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असतं. विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

दाबाची बाजू

इथे एक सोपं गणित करू. टर्बोचा दाब एक बार धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा रेटा. साठ मिलिमीटर रुंदीच्या पाइपाचं तोंड अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाइप वळतो त्या जागी हवा त्याला अठ्ठावीस किलोंच्या जोराने बाहेर ढकलत असते. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त वजन, आणि ते प्रत्येक ओव्हरटेकला एकदा टाकायचं आणि काढायचं. हा सगळा भार कोण पेलतं? एक पट्टी आणि एक स्क्रू.

म्हणून या बाजूला पाइपाच्या टोकाला चहूबाजूंनी उभी केलेली कड असलीच पाहिजे. होस त्या कडेवरून पुढे सरकवायचा आणि क्लॅम्प कडेच्या मागे आवळायचा, म्हणजे होस निसटू पाहिला तरी कड त्याला अडवते. साधा कापलेला पाइप, कड नसलेला, तर किट कितीही देखणं असो, त्याच्याकडे बघू नका. क्लॅम्पही दोन तऱ्हांचे. आपण गॅसच्या नळीला लावतो तसा, खाचांचा आणि स्क्रूने आवळायचा. तो ओढीच्या बाजूला ठीक. दाबाच्या बाजूला रुंद पट्टीचा, नट-बोल्टने आवळायचा क्लॅम्प हवा, तो सगळीकडून सारखा दाबतो. कंपनीने बऱ्याच ठिकाणी स्प्रिंगचे क्लॅम्प दिलेले असतात, ते साधे दिसतात म्हणून काढून टाकू नका. होस गरम होऊन फुगतो, थंड झाल्यावर आक्रसतो, स्प्रिंग त्याच्यामागे आपोआप घट्ट होत जाते. स्क्रूचा क्लॅम्प तसं करत नाही, म्हणून तो नंतर पुन्हा तपासावा लागतो.

जास्त आवळणं ही आपल्याकडची खास सवय. मिस्त्री पाना फिरवतो, मग आणखी अर्धा फेरा ‘पक्कं’ म्हणून. सिलिकॉन कापलं जातं, प्लास्टिकचं तोंड तडकतं. किटाबरोबर आकडा दिला असेल तर टॉर्क पाना वापरायचा, नसेल तर होसचा रबर क्लॅम्पच्या खाचांतून वर यायला लागला की थांबायचं.

या बाजूची गळती आवाज करते. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून ‘स्स्स’, आणि गाडी ओढत नाही. मोजलेली हवा वाटेतच पळून गेलेली असते. डिझेल गाडीत मागून काळा धूर येतो. दाब कमी पडतोय म्हणून संगणक टर्बोला आणखी पळवतो, आणि तोही दमतो.

ज्या वाचकांकडे सात-आठ वर्षांची डिझेल गाडी आहे, त्यांनी इथे थांबून आपल्या गाडीकडे बघावं. घाटात पिकअप गेला, धूर वाढला, ॲव्हरेज उतरलं, की गॅरेजवाला कधीकधी सरळ टर्बो बदलायला सांगतो. आधी दाबाचा होस तपासायला सांगा. वळणाच्या आतल्या बाजूला, हाताला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी तो चिरतो. तेलकट ओल दिसली तर चीर तिथेच. अशा गाडीला कंपनीबाहेरचा चांगला होस बसवणं ही हौस नाही, दुरुस्ती आहे, आणि या प्रकरणात मी बिनदिक्कत बाजारातल्या चांगल्या मालाची शिफारस करेन. जुन्या गाडीला कंपनीचा होस मिळेपर्यंत आठवडे जातात.

पंधरा बीएचपीचं काय?

आजच्या टर्बो गाडीत ताकद किती द्यायची ते संगणक ठरवतो. ड्रायव्हरने पाय दाबला की तो हिशेब करतो, अमुक जोर हवा, त्याला अमुक दाब लागेल. तेवढा दाब झाला की धुराच्या वाटेतली एक झडप उघडून उरलेला धूर टर्बोला वगळून जाऊ देतो. कुकरची शिट्टी समजा, फक्त ती कधी उचलायची ते वजन नाही, संगणक ठरवतो. पाइप मोकळा केला तर टर्बोला तोच दाब करायला थोडे कष्ट कमी पडतात, झडप थोडी लवकर उघडते, आणि चाकांपर्यंत पोचणारी ताकद जवळपास तीच राहते. पाय दाबल्यावर गाडी किंचित लवकर प्रतिसाद देते असं वाटू शकतं, कधी खरंही असतं. मोठे आकडे बहुतेक वेळा पाइपासोबत संगणकाचा प्रोग्रामही बदलून मोजलेले असतात. तो वेगळा विषय, वेगळा खर्च आणि वेगळा धोका.

किटाने नक्की मिळतो तो आवाज. टर्बो हवा ओढताना ‘हूश्श’ करतो, तो कंपनीच्या डब्याने दाबून ठेवलेला असतो आणि उघड्या फिल्टरने बाहेर येतो. चोवीसाव्या वर्षी तो आवडणारच, त्यात गैर काही नाही. फक्त पैसे आवाजाचे देतोय हे माहीत असावं.

उघड्या फिल्टरचा दोष असा की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. कंपनीचा डबा पुढच्या जाळीतून थंड हवा आणतो, त्यासाठी नळी दिलेली असते. गरम हवा विरळ, म्हणजे ज्या हवेसाठी एवढा खटाटोप, तीच कमी. ॲल्युमिनियमचा पाइप तापतो यावरून मात्र उगाच भांडणं होतात. ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतो हे खरं. पण पूर्ण जोरात एक लिटरचं टर्बो इंजिन सेकंदाला सत्तर लिटरच्या आसपास हवा ओढतं, पाण्याचे वीस लिटरचे साडेतीन जार. साठ मिलिमीटरच्या पाइपात ही हवा ताशी नव्वद किलोमीटरने पळते. अर्ध्या मीटरचा पाइप ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पार करते, तेवढ्यात तापणार किती? सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा हवा रेंगाळत जाते, तीसेक पट जास्त वेळ पाइपात राहते आणि तापते. त्यामुळे हायवेवर फरक जाणवत नाही, मे महिन्यात सिग्नल सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत जाणवतो. टर्बोतून निघालेल्या हवेला तर हा पाइप काय तापवणार? दाबली गेल्यामुळे ती आधीच शंभर अंशांच्या वर गेलेली असते. म्हणून तर इंटरकूलर लागतो.

काही किटांत थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर खाली, बंपरच्या आत, चाकाजवळ नेतात. बडोद्यात विश्वामित्रीचं पाणी रस्त्यावर येतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या वाचकांनाही नको. हवा दबते, पाणी दबत नाही. फिल्टर पाण्यात बुडाला आणि इंजिनाने घोटभर पाणी ओढलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते, आणि गाडीत बदल केलाय हे कंपनीला कळवलेलं नसेल तर तिथेही वाद. कंपनीने हवेचं तोंड उंचावर ठेवलंय, ते तिथेच राहू द्या.

बसवायचाच असेल तर

वॉरंटी संपलीय, किट फाट्यांसकट पुरं आहे, फिल्टर बंद डब्यातला आहे, असं धरून चालू. मुलाने हे काम जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून स्वतः करावं असं मला वाटतं. गाडीच्या पोटात हात घालून जे कळतं ते व्हिडिओतून कळत नाही.

गाडी रात्रभर थंड झालेली हवी. टर्बोचं कवच तासाभरानेही हात भाजतं. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो, क्लॅम्पच्या स्क्रूचं तोंड कुठल्या बाजूला होतं त्याच्यासकट. सेन्सरचे प्लग वायर ओढून काढायचे नाहीत, खटका दाबून काढायचे. वाफेच्या नळीची प्लास्टिकची टोकं उष्णतेने बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असतात, ती सगळ्यात आधी तुटतात.

जुना पाइप सुटला की टर्बोचं तोंड उघडं पडतं. तेव्हा दुसरं काहीही करण्याआधी ते झाकायचं. चिकटपट्टीने किंवा स्वच्छ फडक्याने, आणि फडकं एवढं मोठं की अर्धं बाहेर लोंबत राहील. कामाला सुरुवात करताना किती फडकी घेतली ती मोजायची, संपताना परत मोजायची. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स कापूस मोजते ना, तसंच. आत पडलेला एक छोटा स्क्रू किंवा वायसर इंजिन सुरू झाल्या क्षणी त्या चक्रात जातो. नवा टर्बो घ्यायचा तर खर्च पाइपाच्या कित्येक पट.

नवा पाइपही आतून पुसून घ्या. कापताना, वेल्डिंग करताना राहिलेला ॲल्युमिनियमचा बारीक चुरा त्यात असतो. चकचकीत बाहेरच्या बाजूवर विश्वास नको. पांढरं फडकं आतून फिरवा, ते काळं यायचं थांबेपर्यंत.

मग सगळं एकदा नुसतं सैल बसवून बघायचं, क्लॅम्प न आवळता. इंजिन रबराच्या माउंटांवर बसलेलं असतं आणि गिअर टाकताना, पाय दाबताना हलतं. बॉडी हलत नाही. कडक पाइप दोघांच्या मध्ये ताणून बसवला तर काही महिन्यांत जोड तरी सुटतो किंवा फाटा तरी तडकतो. म्हणून मधे लवचीक होस, आणि पंख्यापासून, बेल्टपासून, बॉनेटच्या आतल्या बाजूपासून बोटभर अंतर. कुठे वायरला घासतोय का तेही बघायचं. दाबाच्या बाजूला होस चढत नाही म्हणून आत तेल-ग्रीस लावू नका, त्याने तो नंतर तितक्याच सहज निसटतो. पाण्याचा हात पुरतो, तो वाळून जातो.

आता तपासणी. घरी नवा सिलिंडर आला की रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो, नेमकं तेच. चांगल्या गॅरेजात पाइपाच्या तोंडाला झाकण लावून, इंजिन बंद ठेवून, हळूहळू अर्धा-एक बार हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारतात. धुराचं यंत्र असेल तर आणखी बरं, धूर जिथून निघेल तिथे बोट ठेवता येतं. या तपासणीत ओढीच्या बाजूची आवाज न करणारी गळतीही सापडते, म्हणून ती दोन्ही बाजूंची करून घ्यायची. ‘एक चक्कर मारून बघू’ ही तपासणी नव्हे. शंभरेक किलोमीटर चालवून, पुन्हा पूर्ण थंड करून, क्लॅम्प परत बघायचे. बहुतेक वेळा पाव फेरा घेतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉनेटखालचा पाइप रस्त्यावर कोणी उघडून बघेलच असं नाही, पण आवाज वाढला की बघतात. वॉरंटीच्या बाबतीत तर पाइप सापडला की सर्व्हिस सेंटरला टर्बोचा दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, मग बिघाड पाइपाने झालेला असो वा नसो. ताई, तुमच्याकडे अजून वॉरंटी शिल्लक आहे, तेवढे दिवस मुलाला एक काम द्या. कंपनीचा फिल्टर त्याने स्वतः काढावा, डबा आतून पुसावा, आणि टर्बोपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक जोड हात लावून ओळखावा. धुळीच्या शहरात फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच बदलला तर गाडीला जो मोकळा श्वास मिळतो, तो त्या किटाच्या जवळपास जातो, आणि वडिलांची हरकतही असायची नाही.

आणि कधी किट बसवलंच, तर कंपनीचा जुना पाइप भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा विम्याचा प्रश्न आला तर तोच लागतो. त्याचे क्लॅम्प, रबर आणि बोल्ट एका पिशवीत घालून पिशवी पाइपालाच बांधा, माळ्यावर ठेवा. दोन्ही तोंडांना मात्र प्लास्टिक आणि रबरबँड लावा. चार वर्षांनी परत बसवायला काढाल तेव्हा आत झुरळांनी संसार थाटलेला असतो, आणि पाइपाचं दुसरं टोक थेट टर्बोतच उघडतं.